नाशिकचं ‘नाशकि’: भुईकाट्याच्या प्रोग्रॅमसाठी टूलकिट निवडताना

हे प्रकरण आमच्याच कामातलं आहे. गिऱ्हाइकाची ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील गाळले आहेत. चुका तेवढ्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातले एक कांदा व्यापारी. स्वतःचं खळं आणि खळ्याच्या फाटकापाशी स्वतःचा भुईकाटा. बाजार समितीत लिलाव झाला की ट्रॅक्टर खळ्यावर येतो. आधी भरल्या ट्रॉलीचं वजन, मग कांदा खाली करून रिकाम्या ट्रॉलीचं. दोन वजनांतल्या फरकाला भाव लावायचा, हमाली-तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. हंगामात लिलाव सुटला की अंधार पडेपर्यंत हेच चालतं. फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असते आणि रांगेतल्या प्रत्येकाला घरी जायची घाई असते.

काट्याच्या केबिनमध्ये नाना बसायचे. साठीला टेकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक हात कीबोर्डवर आणि दुसरा खिडकीतून ड्रायव्हरला ‘जरा पुढं घे’ सांगायला. माउस टेबलावर होता, पण त्याच्यावर कांद्याच्या टरफलांचा थर होता. ही गोष्ट आम्ही पहिल्याच भेटीत पाहिली आणि तिचा अर्थ आम्हाला पाच महिन्यांनी कळला.

त्यांचा प्रोग्रॅम २००४ सालचा, व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये केलेला. ती भाषा १९९८ची. तिच्यात काम करायच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये काढून घेतला, तरी तिच्यात केलेले प्रोग्रॅम आजही चालतात. प्रोग्रॅम करणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला होता आणि सोर्स कोडही त्याच्यासोबत.

मशीन तीन. काट्यावरचं जुनं, विंडोज ७ आणि २ जीबी रॅम. शेठच्या टेबलावरचा नवा लॅपटॉप. आणि हिशोबाच्या खोलीतलं एक, ज्यावर शेठच्या पुतण्याने व्हायरसला कंटाळून विंडोज काढून उबंटू हे लिनक्स टाकलेलं. या तिसऱ्या मशीनने पुढे आमचा बराच घाम काढला.

अडचण नेमकी काय होती

शेठचं म्हणणं एका वाक्यात मावत होतं : ‘बँकेला नावं जात नाहीत.’

जुना प्रोग्रॅम युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) यायच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टवर चालायचा. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसायची, पण आत साठलेली असायची इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा काला. पट्टी हातात देऊन रोख पैसे मोजायचे तोवर कुणाला फरक पडत नव्हता. पैसे खात्यात पाठवायची वेळ आली तेव्हा ते नाव दुसरीकडे कुठेच चिकटवता येईना. हिशोबाच्या खोलीतला मुलगा रोज संध्याकाळी पट्ट्यांचा गठ्ठा समोर ठेवून दीडशे-दोनशे नावं हाताने पुन्हा टाइप करायचा. एकदा एकाच आडनावाच्या दोघा चुलतभावांची रक्कम उलटसुलट गेली आणि शेठनी आम्हाला फोन केला. ही गोष्ट जून २०२१ची.

नवा लाल कांदा दिवाळीनंतर जोरात येतो. म्हणजे हातात पाच महिने होते.

समोरचे पर्याय

टूलकिट म्हणजे बटणं, रकाने, याद्या, खिडक्या यांचा तयार साठा. तुम्ही ‘इथे बटण’ म्हणायचं आणि रंगवणं, क्लिक ओळखणं, कीबोर्ड सांभाळणं त्याने करायचं. या साठ्यांची दोन घराणी आहेत. एक घराणं ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच बटण मागून घेतं. १९९२ पासून चालत आलेलं डब्ल्यूएक्सविजेट्स त्यातलं. दुसरं घराणं सगळं स्वतः रंगवतं, जसं जावाचं स्विंग किंवा क्यूटी. पहिल्यात प्रोग्रॅम त्या त्या मशीनवर घरचा वाटतो, पण प्रत्येक मशीनच्या तऱ्हा सांभाळाव्या लागतात. दुसऱ्यात सगळीकडे सारखं दिसतं, पण अक्षरं जोडण्यापासूनची जबाबदारी टूलकिटच्या गळ्यात पडते. इंग्रजीवाल्याला हा फरक जाणवतही नाही. आपल्याला पहिल्याच शब्दाला ठेच लागते.

आमच्याकडच्या एका मुलाने पायथॉन या भाषेसोबत येणारं टिकिंटर हे टूलकिट घेऊन दोन दिवसांत नमुना केला. वेगळं काही बसवायला नको, शिकायला सोपं, जुन्या मशीनवरही हलकं. विंडोजवर मराठी ठीक दिसली आणि आम्ही खूश झालो. मग तोच नमुना पेनड्राइव्हवर टाकून हिशोबाच्या खोलीतल्या उबंटूवर लावला. पडद्यावर आलं ‘नाशकि’.

कारण साधं आहे. ‘शि’ लिहिताना आधी श साठतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी श च्या डावीकडे न्यावी लागते, जोडाक्षरं जुळवावी लागतात, रफार वर चढवावा लागतो. हे काम करणारं वेगळं यंत्र लागतं. विंडोजवर टिकिंटरला ते सिस्टिमकडून आयतं मिळतं. लिनक्सवरच्या त्याच्या ८.६ आवृत्तीत ते नाही, म्हणून अक्षरं साठली त्याच क्रमाने रांगेत उभी राहतात आणि श ची वेलांटी शेजारच्या क ला जाऊन चिकटते. ‘निफाड’ही धड आलं नाही. टिकिंटर तिथेच संपलं.

दुसरा पर्याय इलेक्ट्रॉन. यात प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात क्रोमियम ब्राउझर असतो, त्यामुळे मराठी बिनचूक आणि दिसायलाही सगळ्यांत देखणा. वेबवर काम करणारी आमची सहकारी याच्याच बाजूने होती आणि तिच्या म्हणण्यात दम होता : मदतनीस मिळतात, बदल पटकन होतात. पण नुसती रिकामी खिडकी उघडली तरी मागे चार प्रक्रिया चालू होतात. नानांच्या २ जीबीत आधीच अँटिव्हायरस बसलेला. आम्ही तसल्याच एका मशीनवर लावून पाहिलं, तेव्हा खिडकी हलवली की मागे पुसट सावली राहत होती. तेवढं बघून आम्ही थांबलो. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनच्या २३व्या आवृत्तीने विंडोज ७ सोडून दिलं, पण हे आम्हाला तेव्हा कळलं होतं असा आव आणण्यात अर्थ नाही.

तिसरा, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटचं विनफॉर्म्स. २००२ पासूनचं, आता म्हातारं म्हणून हिणवलं जाणारं. पण जुन्या प्रोग्रॅमच्या सगळ्यांत जवळचं हेच. रकाना ओढून ठेवायचा, दुहेरी क्लिक करून कोड लिहायचा. विंडोज ७ वर सुखाने चालतं आणि मराठीची चिंता सिस्टिमवर. अडचण एकच : लिनक्स. मोनो नावाच्या आडवाटेने ते तिथे चालवता येतं, पण त्या वाटेवर पैजेवर काम घेऊ नये.

स्विंगचा विचार अर्धा तास झाला. जावा बसवण्यावरून शेठच्या पुतण्याशी वाद घालायची कुणाची तयारी नव्हती.

राहिलं क्यूटी. १९९५ मध्ये नॉर्वेतून पहिल्यांदा बाहेर पडलेलं, सगळं स्वतः रंगवणारं, अक्षरं जुळवायला हार्फबझ हे यंत्र सोबत बाळगणारं. उबंटूवर ‘नाशिक’ पहिल्या फटक्यात नाशिक आलं. वजनकाट्याचा आकडा ज्या केबलच्या खाचेतून मशीनमध्ये येतो, त्या सिरियल पोर्टसाठी वेगळा भाग तयार. पायथॉनमधून वापरता येतं, म्हणजे आमचं अर्धं शिक्षण वाचणार.

निर्णय

क्यूटी घेतलं. आवृत्ती ५.१५, कारण क्यूटी ६ विंडोज १० च्या खाली चालत नाही. पायथॉन ३.८, कारण विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची मालिका. म्हणजे २०२१ साली नवं काम सुरू करताना दोन्ही पाय जुन्या वाटेवर. हे आम्ही शेठना सांगितलं, काट्यावरचं मशीन बदला म्हणालो. ते म्हणाले, ‘चालतंय ना? मग?’

एक निर्णय उशिरा सुचला, पण वेळेत. सुरुवातीचा कोड इंटरनेटवरच्या उदाहरणांवरून पायक्यूटीत, म्हणजे पायथॉनमधून क्यूटी वापरायच्या एका जोडणीत, लिहिला होता. ते एकतर जीपीएल परवान्यावर मिळतं, नाहीतर पैसे मोजून. जीपीएल घेतलं तर गिऱ्हाइकाला आमचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. पायसाइड या तशाच दुसऱ्या जोडणीवर हलवलं की एलजीपीएल हा सैल परवाना लागतो : क्यूटीच्या फायली वेगळ्या ठेवल्या आणि त्या बदलण्याची मुभा दिली की आमचा कोड आमच्यापाशी राहतो. फरक मुख्यतः वरच्या आयातीच्या ओळींचा आणि काही नावांचा, त्यामुळे बदल अर्ध्या दिवसात झाला. वीस हजार ओळींनंतर सुचलं असतं तर हेच काम आठवडाभर पुरलं असतं. परवाना हा टूलकिटचा भाग आहे, शेवटी वाचायचा कागद नाही, हे आम्ही तेव्हा शिकलो.

काम

नावांच्या रूपांतराला सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि त्याचा टूलकिटशी काही संबंध नव्हता. जुन्या फॉन्टची अक्षरं युनिकोडमध्ये आणताना रफार आणि वेलांट्या भलतीकडे जात होत्या. शेवटी यादी छापून नानांसमोर ठेवली आणि त्यांनी लाल पेनने खुणा केल्या. निम्म्या लोकांना ते तोंडाने ओळखत होते.

पडद्याच्या बाबतीत एक गंमत झाली. सगळे रकाने नेटके दिसावेत म्हणून आम्ही त्यांची उंची पिक्सेलमध्ये ठरवून टाकली होती. इंग्रजीत सुंदर. ‘कुंदेवाडी’ लिहिलं की खालचा उकार कापला जायचा आणि वरचा अनुस्वार रकान्याच्या काठाला घासायचा. देवनागरीला वर-खाली जास्त जागा लागते, हे आम्हा मराठी माणसांच्या लक्षात यायला मराठी गावाचं नाव टाइप करावं लागलं. ठरवलेल्या उंच्या काढल्या, मांडणी क्यूटीच्या लेआउटवर सोपवली आणि फॉन्ट प्रोग्रॅमसोबतच दिला. शेठच्या लॅपटॉपच्या दाट पिक्सेलच्या पडद्यावर जुना प्रोग्रॅम नीट दिसायचा नाही, तोही प्रश्न त्यातच सुटला.

आकड्यांचंही तसंच. मराठी निवडली की क्यूटी आकडे देवनागरीत दाखवतं. नाना म्हणाले, काट्याच्या डब्यावर इंग्रजी आकडे, इथेही तेच हवेत, नजर फिरवताना चूक होते. मग स्वल्पविराम : ५.१५ मध्ये तो दर तीन आकड्यांवर पडतो, लाखाची रीत त्याला ठाऊक नाही. ते बारा ओळींचं काम आम्हीच लिहिलं.

काट्यावरचे पहिले दिवस

दिवाळीत बाजार बंद असताना प्रोग्रॅम बसवला. लिलाव सुरू झाले त्या सकाळी मी केबिनमध्येच होतो.

पहिली पाच-सहा वाहनं नीट गेली. मग नानांनी ‘वजन घ्या’ दाबलं आणि खिडकी पांढरी पडली. वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. काट्याच्या डब्याकडून येणारी केबल सैल झाली होती, आकडा येत नव्हता, आणि आमचा कोड आकडा येईपर्यंत तिथेच ताटकळत उभा. जवळपास सगळ्याच टूलकिटांत पडदा रंगवणारा, क्लिक ऐकणारा आणि कीबोर्ड वाचणारा धागा, म्हणजे प्रोग्रॅममधली एका वेळी एकच काम करणारी ओळ, एकच असतो. त्याला एका दारात उभं केलं की घरातली बाकी कामं बंद. ऑफिसात हे कधीच दिसलं नाही, कारण चाचणीसाठी केलेला आमचा खोटा काटा दर सेकंदाला इमाने-इतबारे वजन पाठवत होता. नानांनी काही न बोलता खणातून वही काढली आणि हाताने लिहायला सुरुवात केली. ती वही तिथे कायम असायची, हेही आम्ही कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री घाईत केलेली दुरुस्ती मूळ दुखण्यापेक्षा वाईट निघाली. वजन वाचायला वेगळा धागा केला आणि त्याच धाग्यातून थेट पडद्यावरचा आकडा बदलला. क्यूटीत हे चालत नाही : पडद्यावरच्या वस्तूंना फक्त मुख्य धाग्याने हात लावायचा. पण ते लगेच बोंब मारत नाही. शंभरदा चालतं आणि मग प्रोग्रॅम गुपचूप बंद होतो. दोन दिवस आम्ही नानांच्या मशीनच्या रॅमला दोष देत बसलो. शेवटी धागा काढून टाकला आणि क्यूटीचाच सिरियल पोर्टचा भाग वापरला : आकडा आला की तो स्वतः हाक मारतो, तोवर पडदा मोकळा. हाच भाग बघून आम्ही क्यूटी निवडलं होतं आणि लिहिताना सवयीने दुसरंच काहीतरी वापरलं.

दुसरा घोळ एंटरचा. जुन्या प्रोग्रॅममध्ये एंटर दाबला की पुढचा रकाना. सतरा वर्षं नानांच्या बोटांना तेच वळण. क्यूटीत पुढे जायला टॅब, आणि डायलॉग प्रकारच्या खिडकीत एंटर दाबला की खिडकीतलं बटण आपोआप दाबलं जातं. आमचं पहिलं बटण होतं ‘जतन करा’. नानांनी वाहनाचा नंबर लिहिला, एंटर मारला, आणि नाव-गाव-भाव नसलेली पट्टी नोंदली गेली. पुन्हा लिहिला, पुन्हा एंटर. सकाळभरात अशा अकरा अर्धवट पट्ट्या साठल्या. मी त्यांना म्हटलं, ‘नाना, टॅब दाबायचा.’ त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘टॅब कुठल्या बोटाने दाबू? हा हात खिडकीत आहे.’

संध्याकाळपर्यंत एंटरला पुढच्या रकान्याचं काम दिलं आणि बटणांची ती आपोआप सवय बंद केली. दोन ठिकाणी मिळून दहा-बारा ओळी.

तिसरा घोळ गंभीर, कारण त्यात पैसे होते. हिशोबाच्या पडद्यावर भावासाठी आम्ही वर-खाली बाणांचा आकड्यांचा रकाना वापरला होता. तो वापरावासा वाटतोच : चुकीचं अक्षर घेत नाही, पैसेही सांभाळतो. पण त्याच्यावरून माउसचं चाक फिरलं तर तो आकडा बदलतो, आधी क्लिक केलेलं नसलं तरी. हिशोबाचा मुलगा यादी खाली सरकवायला चाक फिरवत होता आणि पॉइंटर भावावर होता. १८५० चे १८४७ झाले. २२ क्विंटल ४० किलो मालाला ६७ रुपये २० पैसे कमी. शेतकऱ्याने पट्टी पाहिली आणि म्हणाला, ‘लिलावात तर पन्नास पुकारला होता, शेठ.’ शेठनी तिथल्या तिथे फरक दिला आणि मग मला फोन केला. त्या फोनमध्ये काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

तो रकाना काढून साधा लिहायचा रकाना ठेवला, फक्त आकडे घेणारा. मागच्या सगळ्या पट्ट्या लिलावाच्या नोंदीशी ताडून पाहिल्या, आणखी दोन सापडल्या. त्यांचेही पैसे पोचते केले.

निष्पत्ती

डिसेंबरपर्यंत काटा स्थिरावला. बँकेची फाइल थेट निघू लागली आणि हिशोबाच्या मुलाची संध्याकाळ सुटली. नावासाठी पहिली दोन अक्षरं लिहिली की यादी खाली येते, त्यामुळे नानांना नवा मराठी कीबोर्ड पुरता शिकावा लागला नाही.

तक्रारी उरल्याच. जुना प्रोग्रॅम डबल क्लिकसरशी उघडायचा, आमचा नानांच्या मशीनवर उघडेपर्यंत त्यांचा चहा अर्धा होतो. डॉट मॅट्रिक्सवर मराठी पट्टी चित्र म्हणून छापली जाते, म्हणून सावकाश.

आणि ते उबंटूचं मशीन, ज्याच्यासाठी विनफॉर्म्स सोडलं? पुढच्या मार्चअखेरीला सीएंनी विंडोजवर चालणारं हिशोबाचं टॅली लागेल म्हणून सांगितलं आणि पुतण्याने मुकाट्याने त्यावर परत विंडोज टाकलं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात मोठी चूक निवडीची नव्हती, निवडीआधीच्या प्रश्नाची होती. तीनपैकी एका मशीनवर लिनक्स आहे, हे आम्ही डोंगर-नदीसारखं कायमचं धरलं. ‘हे असंच राहणार का?’ एवढं कुणी विचारलं नाही. विंडोजचा एक परवाना आमच्या एका आठवड्याच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडला असता, आणि मग विनफॉर्म्सवर हे काम बहुधा निम्म्या वेळात झालं असतं. माझी सहकारी अजूनही म्हणते की इलेक्ट्रॉन आणि नवं मशीन हाच खरा पर्याय होता. तिला उत्तर देताना मी शेठचं ‘चालतंय ना?’ पुढे करतो, पण एवढं खरं की नव्या मशीनची किंमत लेखी मांडून आम्ही त्यांच्यासमोर कधी ठेवलीच नाही.

नमुना बघायची पद्धतही बदलली. आता टूलकिट ठरवण्याआधी आम्ही तीन गोष्टी करतो. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मशीनवर ‘कुंदेवाडी’, ‘दुसऱ्या’ आणि ‘नाशिक’ लिहून बघतो. माउस काढून घेऊन एक पूर्ण नोंद करतो. आणि चालू प्रोग्रॅममध्ये केबल उपटतो. तिन्हींना मिळून तासभर पुरतो.

चौथी गोष्ट कोडमधली नाही. बसवण्याआधी एक दिवस केबिनमध्ये नुसतं बसायला हवं होतं. एका हातावर चालणारं काम, खणातली वही, माउसवरची टरफलं, हे सगळं जूनमध्येच दिसत होतं. आम्ही त्या दिवशी मशीनचं मॉडेल आणि रॅम लिहून घेतली आणि चहा पिऊन निघालो.

काट्यावर अजून विंडोज ७च आहे. पायथॉन ३.८ ची देखभाल ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली, तेव्हा शेठना पुन्हा पत्र दिलं, या वेळी किमतीसकट. नानांनी त्याच्या आधीच सांगून ठेवलंय : मशीन बदला, पण एंटर तिथेच राहू द्या.